उसळीचें पातेलें

घरच्या स्वयंपाकाची कीर्ति सणावारांच्या पक्वान्नांवरून ठरते. घरच्या माणसांची प्रकृति मात्र रोजच्या साध्या जेवणावर ठरते. पुरणपोळी उत्तम करणाऱ्या सुगरणीचें नांव नात्यागोत्यांत निघतें. पण आठवड्याच्या मधल्याच एखाद्या रात्रीं पांच माणसांना थोडक्या खर्चांत पोटभर आणि रुचकर जेवूं घालणाऱ्या गृहिणीचें नांव सहसा कोणी काढीत नाहीं. वर्षाच्या ३६५ दिवसांत सणाचे दिवस ते किती! उरलेले सारे दिवस साधेच असतात, आणि कुटुंबाच्या अंगीं जें बळ येतें तें ह्याच साध्या दिवसांच्या ताटांतून येतें.

ह्या साध्या ताटाचा एक मानकरी म्हणजे उसळ. मूठभर कडधान्य, एक पातेलें, पळीभर तेल, चिमूटभर हिंग आणि थोडें आंबटगोड, एवढ्या सामग्रीवर ती सिद्ध होते. तिला पैसा थोडा लागतो आणि हस्तकौशल्यही फारसें लागत नाहीं. लागतो तो आगाऊ विचार. संध्याकाळीं सहा वाजतां ‘आज काय करावें?’ असा प्रश्न पडल्यावर बटाट्याची भाजी होऊं शकते, पिठलें होऊं शकतें, पण मोडाची उसळ होऊं शकत नाहीं. ती आदल्या दिवशींच मनांत यावी लागते. उसळीचा खरा खर्च हा असा विचाराचा आहे. आणि ह्या विचारांत एक हिशेब पुष्कळ घरांतून करावयाचा राहून जातो. तो म्हणजे पातेल्याच्या तळाशीं कोणाचा वाटा उरतो, हा होय.

जुनी सोबत

कडधान्याशीं महाराष्ट्राचा संबंध फार जुना आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ ह्या काळांत उत्खनन केलें. तेथें सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं नांदलेल्या शेतकऱ्यांच्या वस्तींत जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे मिळाले, आणि त्यांत जवाबरोबर मसूर व कुळीथ हींही होतीं. म्हणजे धान्याला कडधान्याची जोड देण्याची बुद्धि ह्या भूमींतल्या माणसांना लिपि येण्यापूर्वींच सुचलेली होती.

आज वाण्याच्या दुकानांत एका रांगेंत दिसणारीं हीं कडधान्यें निरनिराळ्या देशांहून आलेलीं आहेत. मूग, मटकी आणि कुळीथ हीं ह्याच उपखंडांतलीं, हरभरा व मसूर पश्चिम आशियाकडून आले, चवळी आफ्रिकेची, आणि राजमा तर कोलंबसानंतर अमेरिकेहून जगभर पसरला. ह्यांपैकीं मटकी ही खरी दुष्काळाची सोबतीण. तिचा वेल जमिनीवर पसरतो, मातीला सावली धरतो, आणि थोड्या पावसावरही दाणा देतो. राजस्थानच्या रेताड जमिनींत ती मोठ्या प्रमाणावर होते ती ह्याच गुणामुळें. शिवाय इतर कडधान्यांच्या मुळांप्रमाणें तिच्याही मुळांवर गांठी असतात, आणि त्यांतले सूक्ष्म जंतु हवेंतला नत्र धरून पिकाला आणि जमिनीला पुरवितात. जें पीक शेताला पोसतें तेंच ताटाला पोसतें.

भाकरी आणि उसळ ही जोडी केवळ चवीनें जुळलेली नाहीं. शरीराला प्रथिनें लागतात, आणि प्रथिनें ज्या घटकांचीं बनतात त्यांतले कांहीं घटक शरीराला स्वतः तयार करतां येत नाहींत. ते अन्नांतूनच मिळवावे लागतात. ज्वारी, गहूं, तांदूळ ह्यांत लायसीन नांवाचा घटक कमी असतो, तो कडधान्यांत भरपूर असतो. उलट कडधान्यांत मिथिओनीन कमी, तें धान्यांत पुरेसें असतें. एकाची उणीव दुसरें भरून काढतें. पंचवीस माणसांच्या एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आजीला हीं नांवें ठाऊक नव्हतीं, पण जोडी मात्र ठाऊक होती.

हें आपल्या कडधान्यांचें शास्त्र उलगडून दाखविणाऱ्यांत एका मराठी विदुषीचें नांव आदरानें घ्यावें लागेल. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांच्या ह्या भगिनीनें १९३३ सालीं बंगलोरच्या विज्ञान संस्थेंत प्रवेश मिळविला तो स्त्री म्हणून आलेला विरोध सोसून. आणि तेथें अभ्यासासाठीं निवडलीं तीं दुधांतलीं आणि कडधान्यांतलीं प्रथिनें. पुढें १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परत आल्या, आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेंत त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं देशी कडधान्यांवरचें संशोधन चालू ठेवलें. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारीं द्रव्यें असतात, त्यांचाही त्यांनीं अभ्यास केला. भिजविणें आणि नीट शिजविणें हे केवळ जिभेचे चोचले नव्हेत, पोटाची सोय आहे, हें अशा संशोधनानें सिद्ध झालें.

आदला दिवस

पांच माणसांच्या कुटुंबाला रात्रीच्या जेवणासाठीं मटकीची उसळ करावयाची आहे असें समजूं. माणशीं ५० ग्रॅम प्रमाणें कोरडी मटकी २५० ग्रॅम घ्यावी. ती भिजून आणि मोड येऊन मोठें पातेलें भरेल इतकी फुगते, आणि गरीबाच्या संसाराला कडधान्याची जी बरकत वाटते ती येथेंच दिसूं लागते.

रात्रीं जेवायचें असेल तर आदल्या दिवशीं सकाळीं मटकी निवडून, दोनतीन पाण्यांनीं धुवून, तिच्या तिप्पट पाण्यांत भिजत घालावी. पाणी कमी पडल्यास वरचे दाणे कोरडे राहतात. आठ तासांनीं दाणे टपोरे फुगलेले दिसतात. पण त्यांत कांहीं दाणे खड्यासारखे जसेच्या तसे राहतात. ह्यांना गणंग म्हणतात. त्यांची साल पाणी आंत शिरूं देत नाहीं, म्हणून ते ना भिजत ना शिजत. एक गणंग दाताखालीं आला कीं साऱ्या उसळीची चव जाते. भिजलेली मटकी परातींत पसरून हातानें चाळवली कीं ते बोटांना लागतात. तेवढे काढून टाकावे. पांच मिनिटांचें हें काम मुलांना आवडतें, आणि त्यांना तें द्यावेंही.

भिजवण्याचें पाणी टाकून द्यावें. कडधान्यांत कांहीं प्रकारच्या शर्करा असतात. त्या माणसाच्या आंतड्यांत पचत नाहींत, तेथल्या जंतूंना मात्र आयत्या मिळतात, आणि मग पोटांत वायु धरतो. भिजवितांना त्यांचा बराचसा भाग पाण्यांत उतरतो, आणि मोड येतांना आणखी कमी होतो. ‘उसळ बाधते’ अशी ज्यांची तक्रार असते त्यांनीं बहुधा अर्धीकच्ची भिजलेली उसळ खाल्लेली असते.

नंतर मटकी रोवळींत निथळून, ओल्या स्वच्छ फडक्यांत सैल बांधून, उबदार जागीं ठेवावी. फडकें ओलसर असावें, पण दाणे पाण्यांत असूं नयेत; दाणा ह्या वेळीं जिवंत असतो, त्याला हवा लागते. उन्हाळ्यांत दहाबारा तासांत मोड दिसतात. हिंवाळ्यांत वीस ते चोवीस तासही लागतात, आणि तेव्हां गांठोडें चुलीच्या किंवा शेगडीच्या आसपास ठेवणें शहाणपणाचें. मोड अर्ध्या पेराएवढे झाले कीं पुरे. फार लांब मोड दिसायला डौलदार, पण शिजतांना तुटून गाळ करतात.

ह्या एका रात्रींत दाण्याच्या आंत मोठी उलाढाल होते. पुढच्या रोपासाठीं सांठवून ठेवलेला शिधा तो मोकळा करूं लागतो. कोरड्या दाण्यांत जवळजवळ नसलेलें ‘क’ जीवनसत्त्व तयार होतें. आणि लोहाला जखडून ठेवणारें फायटिक आम्ल कमी होतें, त्यामुळें दाण्यांतलें लोह अंगीं लागण्याची शक्यता वाढते. म्हणजे गृहिणी झोपलेली असतांना फडक्यांतलें कडधान्य तिचें निम्में काम करून ठेवतें. तिनें फक्त वेळेवर आठवण ठेवावी एवढीच त्याची अट.

एक सावधगिरी मात्र हवी. जी ऊब आणि ओल मोडाला लागते तीच जंतूंनाही मानवते. उकाड्याच्या दिवसांत मोड आलेली मटकी शिजविण्यापूर्वीं स्वच्छ पाण्यानें धुवावी. बुळबुळीत झालेली किंवा आंबूस वास मारणारी मटकी मसाल्यानें झांकूं पाहूं नये. ती टाकून द्यावी. तसेंच, लहान मुलें, गर्भवती स्त्रिया आणि आजारी माणसें ह्यांना कच्चे मोड न देतां शिजवलेलेच द्यावे.

चुलीवर

पातेलें जाड बुडाचें घ्यावें. त्यांत तीन चहाचे चमचे तेल तापवून मोहरी तडतडली कीं हिंग, हळद आणि कढीलिंबाचीं पांचसहा पानें घालावीं. कांदा चालत असेल त्या घरीं एक कांदा बारीक चिरून परतावा. चालत नसेल तेथें त्यावांचून कांहीं अडत नाहीं. मग मोडाची मटकी घालून दोन मिनिटें हलक्या हातानें परतावी, आणि दाण्यांच्या वर बोटभर येईल इतकें आधणाचें पाणी घालावें. गार पाणी घातल्यास पातेल्याची उकळी मोडते आणि इंधन फुकट जातें.

वर खोलगट ताटली झांकून तींत पाणी ठेवण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि ती पूर्ण शास्त्रशुद्ध आहे. पातेल्यांतली वाफ गार ताटलीला लागून पुन्हां खालीं पडते, सुवास आंतच राहतो, आणि खालचें पाणी आटल्यास ताटलीवरचें गरम पाणी हाताशीं असतें. आंच मंद ठेवावी. पंधरा ते वीस मिनिटांनीं दाणा दोन बोटांत दाबून पाहावा. तो सहज चेपला, पण आकार धरून राहिला, म्हणजे उसळ शिजली. प्रेशर कुकरनें इंधन वांचतें खरें, पण मोडाच्या मटकीला त्याची गरज नाहीं. शिट्या झाल्या कीं तिचा लगदा होतो. हरभरा, कुळीथ, वाटाणा अशा कठीण कवचाच्या दाण्यांना कुकर शोभतो.

शिजल्यावर, आणि शिजल्यावरच, त्यांत चार आमसुलें किंवा थोडी चिंच घालावी. आंबट आधीं पडलें तर दाणे तासन् तास शिजत नाहींत, हा अनुभव पुष्कळांना येतो. त्याचें कारण असें कीं दाण्याच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारें द्रव्य आंबट पाण्यांत विरघळत नाहीं. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यांतही दाणे असेच हट्टी होतात, कारण त्या पाण्यांतला चुना तीच पकड घट्ट करतो. अशा गांवीं भिजवायला आणि शिजवायला शक्य तर मऊ पाणी वापरावें. सोड्याची चिमूट टाकली कीं दाणे लवकर शिजतात हें खरें, परंतु सोड्यानें ‘ब’ वर्गांतलें थायमीन नष्ट होतें आणि उसळीला साबणासारखी गुळगुळीत चव येते. तेवढ्यासाठीं ती युक्ति टाळलेली बरी. मिठाचा दोष मात्र जुना गैरसमज आहे. मिठानें दाणे कठीण होतात असें पुष्कळ घरीं सांगतात; प्रत्यक्षांत भिजवणाच्या पाण्यांत थोडें मीठ घातल्यास साली उलट मऊ पडतात.

आमसुलांपाठोपाठ मीठ, सुपारीएवढा गूळ, दीड चमचा गोडा मसाला आणि चवीपुरतें तिखट घालून आणखी पांच मिनिटें उकळी द्यावी. शेवटीं मूठभर ओलें खोबरें आणि कोथिंबीर. खोबरें महाग असेल तेथें भाजलेल्या शेंगदाण्यांचें कूट तितकेंच खमंग लागतें आणि पुष्टीलाही कमी नाहीं. वाढतांना ताटांत लिंबाची फोड द्यावी. ती केवळ शोभेची नाहीं. मोडांतलें ‘क’ जीवनसत्त्व शिजतांना बरेचसें नष्ट होतें, आणि कडधान्यांतलें लोह शोषून घ्यायला तें फार उपयोगी असतें. लिंबू तें भरून काढतें. उलट जेवणावर लगेच चहा घेण्याची संवय लोहाच्या वाटेंत आडवी येते. तासाभराचें अंतर ठेवलें तर चहाही मिळतो आणि उसळीचा गुणही वायां जात नाहीं.

सात दिवस, सात दाणे

मटकीची पद्धत हाताला बसली कीं इतर उसळींना फारसें निराळें शिकावें लागत नाहीं. मूग सर्वांत लवकर मोड धरतात आणि आजाऱ्यालाही सोसतात. कोंकणांतल्या कडव्या वालांना मोड आल्यावर कोमट पाण्यांत टाकून एकेक दाणा सालींतून काढावा लागतो. ह्या सोललेल्या डाळिंब्या अखंड राखणें हें सुगरणीचें काम, आणि सोलणें हें साऱ्या घराचें. चवळीला मोडाची वाट न पाहतां नुसतें भिजवून भागतें. गोमंतकांत आळसांद्यांचें तोणक भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणांत होतें आणि पावाबरोबरही खाल्लें जातें. हरभऱ्याची तर चैत्रांत हळदीकुंकवाच्या निमित्तानें ओटी भरली जाते. जो दाणा सवाष्णीच्या ओटींत शोभतो तो रोजच्या ताटांत हलका कां मानावा?

राजम्याबद्दल मात्र एक सूचना आवश्यक आहे, कारण हल्लीं तो मराठी घरांतही सर्रास येऊं लागला आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यांत एक विषारी प्रथिन असतें. थोड्याच दाण्यांनीं वांत्या आणि जुलाब होऊं शकतात. तो रात्रभर भिजवावा, तें पाणी फेकून द्यावें, आणि ताज्या पाण्यांत खळखळ उकळून पूर्ण शिजवावा. निदान दहा मिनिटांची कडकडीत उकळी हवीच. अर्धा तास दिल्यास उत्तम. उकळीपर्यंत न जाणाऱ्या मंद उष्णतेवर ठेवलेला राजमा मऊ लागला तरी सुरक्षित नसतो. कुकरमध्यें नीट शिजलेल्या राजम्याला ही भीति नाहीं.

कडधान्य सांठवितांनाही थोडा विचार हवा. स्वस्त मिळालें म्हणून वर्षाचें एकदम भरून दमट, उष्ण कोठींत ठेवलें तर तें किडीपासून वांचलें तरी दिवसेंदिवस कठीण होत जातें; मग कितीही भिजवा, शिजायला दुप्पट वेळ लागतो. कडकडीत ऊन देऊन, घट्ट झांकणाच्या डब्यांत, कोरड्या आणि थंड जागीं, दोनतीन महिन्यांपुरतें ठेवणें हेंच काटकसरीचें.

पातेल्याचा तळ

आतां त्या राहून गेलेल्या हिशेबाकडे वळावें. २५० ग्रॅम मटकींत सुमारें ५७ ग्रॅम प्रथिनें असतात. पांच सारखे वाटे केले तर प्रत्येकाला ११ ग्रॅमच्या वर मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारें ४६ ग्रॅम प्रथिनें लागतात. म्हणजे एका वाटींत तिच्या दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें सुचविलेल्या दिवसाच्या ताटांत दोन हजार कॅलरींच्या आहाराला ८५ ग्रॅम कडधान्य व डाळ धरली आहे. रात्रीची ५० ग्रॅम मटकी आणि दुपारचें वरण मिळून तो आंकडा सहज गांठतां येतो. इतक्या थोड्या खर्चांत इतकें मिळवून देणारा पदार्थ ताटांत दुसरा क्वचितच असेल.

परंतु हा सारा हिशेब ‘सारखे वाटे’ ह्या दोन शब्दांवर उभा आहे. प्रत्यक्षांत काय घडतें? पातेलें प्रथम मुलांच्या ताटांत रितें होऊं लागतें. मग घरांतल्या पुरुषांना आग्रह होतो. एखादा पाहुणा आला तर त्याला दोनदां वाढलें जातें. जिनें आदल्या सकाळीं मटकी भिजत घातली, गणंग निवडले, रात्रीं फडकें बांधलें आणि संध्याकाळीं शेगडीपाशीं उभी राहिली, ती सर्वांच्या मागून ताट घेते; आणि तोंवर पातेल्यांत दाणे संपून रस उरलेला असतो. त्यांत भाकरी बुडवून ती समाधानानें जेवते आणि ‘मला पुरलें’ म्हणते. ह्या समाधानाला कुटुंबांत त्याग म्हणतात, आणि त्यागाची किंमत रक्तांत मोजली जाते.

ही अतिशयोक्ति नव्हे. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं भारतांत ५७ टक्के, आणि महाराष्ट्रांत सुमारें ५४ टक्के, रक्तक्षयी आढळल्या. लोहाची गरज कोणाला अधिक, हेंही पाहण्यासारखें आहे. वर सांगितलेल्याच २०२० च्या प्रमाणांत पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह धरलें आहे, तर प्रजननक्षम वयांतल्या स्त्रीला २९ मिलिग्रॅम. जिला सर्वांत अधिक हवें तिच्यापर्यंत पातेलें सर्वांत शेवटीं पोंचतें, असा हा उलटा व्यवहार आहे. रक्तक्षयाचीं कारणें अनेक आहेत आणि एकट्या उसळीनें तो बरा होत नाहीं. त्याला वैद्याचा सल्ला आणि औषध लागतें. पण ज्या घरीं औषधाची बाटली आणि रितें पातेलें शेजारीं शेजारीं असतात, त्या घरीं औषधाला अर्धेंच यश येतें.

उपाय अवघड नाहीं. पहिला उपाय मापाचा: मटकी भिजत घालतांना मुठी मोजाव्या त्या घरांतल्या प्रत्येक माणसाच्या नांवानें, आणि पहिली मूठ करणारणीच्या नांवानें. दुसरा उपाय वाढण्याचा: सर्वांनीं एका पंक्तीला बसावें, आणि पातेलें मध्यें ठेवून ज्यानें त्यानें घ्यावें. हल्लीं पुष्कळ घरीं ही रीत पडली आहे, आणि ती उत्तम आहे. जेथें अजून तसें होत नाहीं तेथें घरांतल्या वडील स्त्रीच्या एका वाक्यानें काम भागतें. पूर्वींच्या काळींही अशा सासवा होत्याच, ज्या वाढायला उठणाऱ्या सुनेला म्हणत, ‘अगं, आधीं तुझी वाटी भरून झांकून ठेव, मग पंक्तींत वाढायला घे.’ अशा घरीं पाहुणा आला म्हणून कोणी उपाशी राहत नसे. फार तर उसळींत आधणाचा एक पेला वाढे आणि भाकरीची चवड एकानें उंच होई. पुरुषांना आणि मुलांनाही ह्यांत करण्यासारखें आहे. ‘आणखी वाढ’ म्हणण्यापूर्वीं पातेल्यांत डोकावून पाहणें हें त्यांचें काम. आणि मटकी भिजत घालायला बाईचाच हात लागतो असें कोणत्याही शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं पातेल्यांत दोन भांडीं पाणी ओतणें हें बारा वर्षांच्या मुलालाही साधतें.

उरलेल्या उसळीबद्दल शेवटची एक गोष्ट. मोजून केलेली उसळ सहसा उरत नाहीं. उरलीच तर ती गार होतांच शीतकपाटांत ठेवावी आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं चांगली उकळून घ्यावी. उकाड्यांत रात्रभर ओट्यावर राहिलेली उसळ खाऊं नये. त्या उकळलेल्या उसळींत फरसाण, बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू पडलें कीं घरच्या घरीं मिसळ होते, आणि कालचें जेवण आजची मेजवानी ठरतें.

संयुक्त राष्ट्रांनीं २०१६ हें वर्ष जागतिक कडधान्य वर्ष म्हणून पाळलें, आणि २०१९ पासून १० फेब्रुवारी हा दिवस दरवर्षीं कडधान्यांचा म्हणून पाळला जातो. जगानें ह्या दाण्यांचें मोल आतां ओळखलें; इनामगांवच्या चुलीपाशीं बसलेल्या बाईनें तें कधींच ओळखलें होतें. उसळ महाग करतां येत नाहीं, घाईनें करतां येत नाहीं, आणि एकट्यासाठीं करण्यांत तिची गोडी नाहीं. तिला हवा असतो आदल्या दिवसाचा थोडा विचार, मंद आंच, आणि वाढतांना सर्वांची सारखी आठवण. ज्या घरच्या पातेल्यांत शेवटच्या ताटालाही पहिल्या ताटाइतके दाणे निघतात, त्या घरची उसळ खऱ्या अर्थानें शिजली असें म्हणावें.